तिसरी ते आठवीच्या मुलग्यांसोबत अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आजपासून गट सुरू झाला. तिसरी ते आठवीतले नऊ मुलगे, आमचं बेसमेंट, शनिवारी सकाळी दहा ते बारा. मागणी पालकांची होती. मॅसॅच्युसेट्समध्ये तिसरीत राज्याचा इतिहास असतो, पाचवीत देशाचा, आठवीत नागरिकशास्त्र. शाळेत विषय होतोच, पण मुलगे घरी येऊन सांगतात ते एवढंच की बोअर झालं. यातले बहुतेक जण रणगाडे आणि विमानं यांच्यावर तासभर बोलू शकतात. तिसरीतला सगळ्यात धाकटा आहे, त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची इंजिनं पाठ आहेत. ज्याला तपशिलाची एवढी भूक आहे त्याला इतिहास आवडत नाही, हे मी मानायला तयार नाही.

माझी पद्धत पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते. या वयात तोफा, बंदुका, मारामाऱ्या यांची ओढ असते. ती दाबायची नाही, तिच्याच जोरावर त्यांना आत आणायचं. आत आले की दर वेळी एकच प्रश्न हातात द्यायचा : हे कोण म्हणतं, आणि त्याने ते स्वतः पाहिलं होतं का? आपल्याकडे राजवाडे बखरींवर विसंबले नाहीत, अस्सल पत्रांसाठी गावोगाव हिंडले, दप्तरं उपसली. ती शिस्त दहा वर्षांच्या मुलालाही लावता येते, अशी माझी खात्री आहे.

भिंतीवर दोन सुतळ्या ताणल्या. वरची अमेरिकेची, खालची मराठ्यांची. मुलग्यांनी कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लावली. १६३० ला वर बॉस्टनची स्थापना, खाली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म. १६७४ ला राज्याभिषेक, आणि १६७५ ला इथे न्यू इंग्लंडमध्ये मूलनिवाशांचा प्रमुख मेटाकॉम याचं इंग्रजांशी युद्ध. जानेवारी १७६१ पानिपत. पुढच्याच महिन्यात बॉस्टनच्या कोर्टात जेम्स ओटिस इंग्रजांच्या झडती-वॉरंटांविरुद्ध बोलायला उभा राहिला. सहावीतल्या जुळ्यांपैकी एकाने विचारलं, "काकू, वरच्यांना खालच्यांबद्दल माहीत होतं का?" प्रश्न कार्डावर लिहून दोन सुतळ्यांच्या मधे लावला. डिसेंबरात बॉस्टन टी पार्टीच्या तासाला त्याचं उत्तर द्यायचं आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

प्लिमथला जाऊन आलो. दोन गाड्या, डबे, थर्मास. आधी खडक दाखवला, इथले पहिले इंग्रज वसाहतवाले ज्यावर उतरले असं सांगतात तो. दगडी खांबांच्या मंडपात, कठड्यावरून खाली वाकून पाहावा लागतो. "एवढाच?" सगळ्यांचा सूर एकच. वर '१६२०' कोरलेलं आहे.

मग तिथेच कठड्याला टेकून कागद वाटले. त्यांचं जहाज मेफ्लॉवर १६२० साली आलं, १०२ प्रवासी होते. ब्रॅडफर्ड आणि विन्स्लो हे दोघे त्यात होते, दोघांनी लिहून ठेवलं आहे, आणि खडकाचा उल्लेख दोघांपैकी कुणीही केलेला नाही. खडकाकडे पहिल्यांदा बोट दाखवलं १७४१ साली, टॉमस फॉन्स नावाच्या ९४ वर्षांच्या म्हाताऱ्याने. त्याला ते वडिलांनी सांगितलं होतं म्हणे. वडील आले कधी? १६२३ साली, दुसऱ्या जहाजातून. सहावीतल्या दुसऱ्या जुळ्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे बाबांनी पण पाहिलं नव्हतं!" बाकीचे लगेच खडकाकडे पुन्हा वाकून पाहायला लागले. मघाशी ज्याला 'एवढाच' म्हटलं होतं त्याच्यापाशी आता त्यांचा पाय निघेना.

प्लिमथ पटक्सेट संग्रहालयात इंग्रजांच्या वसाहतीतली माणसं सतराव्या शतकातली असल्यासारखी बोलतात. वाम्पनोआग वस्तीत तसं नाही. तिथले लोक स्वतः मूलनिवासी आहेत आणि आजच्या काळातले म्हणून बोलतात. हा फरक मी आधीच समजावून ठेवला होता, नाहीतर मुलगे भलतेच प्रश्न विचारतात. झाडाचा ओंडका आतून जाळून, कोरून केलेल्या होडीपाशी आमचा अर्धा वेळ गेला.

परतताना गाडीत, पुढे या इंग्रजांना मदत करणाऱ्या टिस्क्वांटम या मूलनिवाशाची हकीकत सांगितली. १६१४ साली टॉमस हंटने त्याला फसवून पळवलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो इंग्लंडला पोचला, १६१९ ला परत आला, तर पटक्सेट हे त्याचं गावच उरलं नव्हतं, सगळं साथीच्या रोगात गेलं होतं. त्याच रिकाम्या गावावर पुढच्या वर्षी इंग्रज उतरले. पाचवीतला एक एरवी सतत बडबडतो. तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "मग तो त्यांना मदत का करतो?" मी उत्तर दिलं नाही. आठवीतल्या दादाने प्रयत्न केला, तो मला आवडला : "त्याला इंग्लिश येत होतं, आणि त्याचं दुसरं कुणी नव्हतं."

३० नोव्हेंबर, शनिवार

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीमुळे चारच जण. ज्याला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात त्या १६२१ च्या जेवणाबद्दल त्या काळातले कागद दोनच आहेत, विन्स्लोचं पत्र आणि ब्रॅडफर्डची नोंद. विन्स्लोचा परिच्छेद मोठ्या टाइपात छापून दिला. जे खरंच लिहिलं आहे त्याखाली हिरवी रेघ मारायची, एवढंच काम. पक्षी मारून आणले, बंदुका उडवून दाखवल्या, वाम्पनोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह आला, तीन दिवस राहिला, त्यांनी पाच हरणं मारून आणली. इंग्रज उरले होते ५० च्या आसपास, कारण निम्मे पहिल्या हिवाळ्यात मेले.

"बोलावलं होतं असं कुठे लिहिलंय?" तिसरीतल्याने विचारलं. कुठेच नाही. शाळेच्या चित्रातल्या टेबलाशी ताडून पाहिलं, तर पाहुणे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट भरतात. चित्रात उलटं होतं.

पुढची पिढीही सांगितली. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम, १६७५-७६ चं युद्ध, शेवटी त्याचं शिर प्लिमथला खांबावर वर्षानुवर्षं टांगलेलं. आणि १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर मूलनिवासी शोकदिन पाळतात, हेही. एका आईचा संध्याकाळी फोन आला, एवढ्या लहान मुलांना हे कशाला? मी त्यांना म्हटलं, आपण संभाजीमहाराजांचा शेवट याच वयात ऐकला, कुणी गाळून सांगितला नाही. भयंकर गोष्ट साध्या शब्दात, रंगवल्याशिवाय सांगितली तर मुलं ती पेलतात. त्या पुढच्या वेळी स्वतः बसणार आहेत. यावं त्यांनी, मला बरंच वाटेल.

१४ डिसेंबर, शनिवार

चहा. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या लोकांनी जहाजांवरचा चहा बंदरात फेकला, ती बॉस्टन टी पार्टी. तिची वार्षिक तिथी सोमवारी येते म्हणून आजच.

सुरुवात आकड्यांनी केली, मुलग्यांना आकडे लागतात. डार्टमथ, एलिनॉर, बीव्हर ही तीन जहाजं; ३४२ पेट्या; ९२,००० पौंडांहून जास्त चहा समुद्रात. आठवीतल्याने फोनवर भागाकार करून ४१ टनांच्या वर म्हणून सांगितलं. मालक ईस्ट इंडिया कंपनी. बसलेल्या दोन पालकांसकट सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की चहा हिंदुस्थानातून गेला. गेला तो चीनमधून, कँटनच्या बंदरातून. आसामचा चहा पुढच्या शतकातला. पेट्यांतला बहुतेक माल बोहिया नावाचा काळा चहा, थोडा सिंगलो आणि हायसन हा हिरवा.

मग मुद्द्याचा कागद. त्या वर्षीच्या कायद्याने कंपनीला चहा थेट अमेरिकेत पाठवता येऊ लागला, त्यामुळे पौंडामागे तीन पेन्स कर धरूनही तो आधीपेक्षा स्वस्त पडणार होता. इथे सगळे थांबले. स्वस्त होणार होता तर भांडण कशाला? हा प्रश्न त्यांना स्वतःला पडेपर्यंत मी गप्प राहिले. तो पडला नाही तर बॉस्टनचा तो प्रसंग नुसता दंगा म्हणून लक्षात राहतो.

तासाचा मधला भाग यावरच गेला. तिघांना व्यापारी केलं, दोघांना चोरट्या डच चहाचे विक्रेते, एक जण कंपनीचा एजंट, बाकीचे गिऱ्हाईक. एजंटाने भाव पाडल्यावर व्यापारी ओरडू लागले. गिऱ्हाईक खूश. मग मी विचारलं, पुढच्या वर्षी दुसरा कुणी विक्रेता उरलाच नाही तर भाव कोण ठरवेल? आणि हा कर कुणाच्या संमतीने बसला? पाचवीतला बडबड्या गिऱ्हाइकांतून उठून व्यापाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला. त्याच्यामागे आणखी एक गेला. एक शेवटपर्यंत हलला नाही, "मला स्वस्त चहा पाहिजे," म्हणाला. त्यालाही त्याचं म्हणणं पूर्ण मांडू दिलं, कारण त्या काळीही तसे लोक होते.

शेवटी भिंतीवरचं मधलं कार्ड उतरवलं. वरच्यांना खालच्यांबद्दल माहीत होतं का? होतं. १७७३ सालीच पेनसिल्व्हेनियाचा जॉन डिकिन्सन याने कंपनीच्या चहाविरुद्ध लिहिताना बंगालचा दाखला दिला आहे. तिथे या कंपनीने लूट केली, लाखो लोक दुष्काळात मेले, आता ती आपल्याकडे वळली आहे, असं तो लोकांना बजावतो. बंगालचा तो दुष्काळ १७७० चा. म्हणजे आपल्या इकडचे भुकेने मेलेले लोक फिलाडेल्फियातल्या माणसाच्या युक्तिवादात उभे होते. हे वाचून दाखवताना माझा आवाज कापला. मुलग्यांनी कार्डावर 'हो' लिहिलं आणि ते खालच्या सुतळीला, १७७० वर लावलं.

एका वडिलांनी सगळ्यांसाठी काळा, बिनदुधाचा चहा करून आणला होता. फारसा कुणी प्यायला नाही.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

कालक्रमाने आज १७७० यायला हवं, पण अंगणात बर्फ आहे तोवर हेन्री नॉक्स उरकायचा असं मी ठरवूनच ठेवलं होतं.

नॉक्स बॉस्टनमधला पुस्तकविक्रेता, वय २५. तोफांबद्दल त्याला जे ठाऊक होतं ते बहुतेक पुस्तकांतून. डिसेंबर १७७५ मध्ये तो टिकॉन्डेरोगाच्या किल्ल्यावर गेला आणि तिथल्या सुमारे ६० टन वजनाच्या तोफा बर्फातून, गोठलेल्या नद्यांवरून, जवळजवळ ३०० मैल ओढत इंग्रज फौजेच्या ताब्यातल्या बॉस्टनजवळ, अमेरिकन फौजेसाठी आणल्या. १७ डिसेंबरला वॉशिंग्टनला लिहिलेल्या पत्रात तो ४२ भक्कम घसरगाड्या आणि ८० बैलजोड्यांचा उल्लेख करतो. एक तोफ ऑल्बनीपाशी बर्फ फुटून नदीत गेली, गावकऱ्यांच्या मदतीने ती बाहेर काढली.

आमच्याकडे प्लॅस्टिकच्या दोन स्लेड आणि रस्त्यावर टाकायच्या मिठाची पोती, प्रत्येकी ५० पौंडांची. पहिल्या स्लेडवर दोन, दुसरीवर चार. अंगणाच्या वरच्या कुंपणापासून खालच्या मेपलपर्यंत आणि परत. उताराला दोन पोत्यांची स्लेड ओढणाऱ्यांच्याच घोट्यांवर येऊन आदळली, मागून दोर धरून थोपवायला कुणी नव्हतं. चार पोत्यांची चढाला अर्ध्यावर रुतली. तेव्हा जुळ्यांनी खोऱ्याने पुढचा बर्फ दाबून वाट केली आणि धाकट्याला फांद्या तोडून चाकाऐवजी खाली सारायला लावलं. कुणी शिकवलं नव्हतं. हातमोजे ओले, नाकं लाल, आणि मधेच आठवीतला ओरडला, "सगळ्यात मोठी तोफ किती पौंड?" ५,००० च्या वर. ते सगळे खाली बसले, मिठाच्या पोत्यांकडे पाहत.

मग आत जाऊन पत्राचे उतारे वाचले. ज्या वाक्यांवरून एरवी डोळे घसरून गेले असते तिथे आता प्रश्न आले. बैलांना चारा कुठून? रात्री कुठे थांबायचे? उताराला काय करायचे? बर्कशायरच्या डोंगरांत साखळ्या आणि दोर लावून गाड्या मागे खेचून धराव्या लागल्या, हे कळल्यावर जुळ्यांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली.

या तोफा मार्च १७७६ मध्ये डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढल्या आणि १७ मार्चला इंग्रज फौज बॉस्टन सोडून गेली.

१ फेब्रुवारी, शनिवार

फिलिस व्हीटली. १७६१ साली बॉस्टनच्या धक्क्यावर विकायला आणलेली सात-आठ वर्षांची मुलगी. पुढचे दात पडलेले होते त्यावरून वयाचा अंदाज केला होता. तिसरीतल्याने नकळत स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली, त्याचेही पडलेत. तिचं नाव ज्या जहाजाने तिला आणलं त्या जहाजाचं. १७७३ मध्ये तिच्या कविता लंडनमध्ये छापल्या गेल्या, आणि छापील प्रती बॉस्टनला आल्या त्या डार्टमथवरून, चहाच्याच जहाजातून. चहा पाण्यात गेला, पुस्तकं उतरली.

मग एलिझाबेथ फ्रीमन ही गुलाम बाई, जी १७८१ साली मॅसॅच्युसेट्सच्या नव्या संविधानातल्या 'सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान' या कलमाचा आधार घेऊन कोर्टात गेली आणि सुटली. आठवीतल्याला कलम पाठ करायचं होतं, त्याने केलं. मुलग्यांच्या गटात बायकांच्या हकिकती 'पुरवणी' म्हणून ठेवायच्या नाहीत, मुख्य तासातच आणायच्या, असं मी ठरवलं आहे. आजचा तास छोटा होता, पण कुणाचं लक्ष उडालं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तारीख मुद्दाम. २२ फेब्रुवारी १७७० ला ख्रिस्तोफर साइडर हा सुमारे ११ वर्षांचा मुलगा बॉस्टनमध्ये गोळी लागून गेला. एका व्यापाऱ्याच्या दुकानासमोर पोरं निदर्शन करत होती, इंग्रज जकातखात्याचा खबऱ्या एबनेझर रिचर्डसन याच्या घरावर दगड गेले, त्याने खिडकीतून बंदूक झाडली. साइडरच्या अंत्ययात्रेला गाव लोटलं. ५ मार्चचा, इंग्रज सैनिकांनी बॉस्टनच्या जमावावर केलेला गोळीबार यानंतर अकराच दिवसांनी. हे मधलं पान गाळलं तर त्या रात्री लोक एवढे चिडलेले का होते ते समजत नाही.

गटात ११ वर्षांचे तिघे आहेत. "दगड मारणं चूक होतं, पण..." असं म्हणून एक जण थांबला. 'पण'च्या पुढचं त्याने वहीत लिहिलं, वाचून दाखवलं नाही.

त्या गोळीबाराच्या खटल्याच्या भूमिका वाटल्या. प्रत्येकाला एका साक्षीदाराचा कागद घरी दिला आहे. अट एकच : तुझ्या माणसाने जे पाहिलं नाही ते तू बोलायचं नाहीस.

८ मार्च, शनिवार

आज तीन तास लागले.

आधी ५ मार्चच्या गोळीबाराचं पॉल रिव्हियरने केलेलं खोदचित्र. पाच मिनिटं नुसतं पाहायचं. सैनिक ओळीत उभे, कॅप्टन प्रेस्टन तलवार उंचावून हुकूम देतोय, समोर निःशस्त्र सभ्य माणसं, मधे एक कुत्रा. सैनिकांच्या मागच्या इमारतीवर पाटी, 'बुचर्स हॉल'. हे चित्र रिव्हियरने हेन्री पेलमच्या चित्रावरून उचललं होतं, पेलमने त्याला रागाचं पत्रही पाठवलं, हे सांगितल्यावर "कॉपी केली!" म्हणून गलका झाला.

मग साक्षी. जमिनीवर बर्फ होता; चित्रात नाही. जमावाच्या हातात काठ्या होत्या, बर्फाचे गोळे, शिंपले फेकले जात होते, चित्रात नाहीत. क्रिस्पस ॲटक्स हा मेलेल्या पाचांपैकी पहिला, आफ्रिकी आणि मूलनिवासी वंशाचा. तोही चित्रात ओळखू येत नाही. आणि त्या रात्री घंटा वाजत होत्या, आग लागली समजून लोक बाहेर आले होते, 'फायर' असं ओरडत होते. मग 'फायर' कोण म्हणालं, आणि ते आगीला की गोळीला? जुळ्यांची झटापट होता होता राहिली.

जुळ्यांनाच दोन बाजूंचे वकील केलं होतं, त्याला आधार आहे. प्रत्यक्ष खटल्यात सरकारतर्फे सॅम्युएल क्विन्सी आणि सैनिकांतर्फे त्याचा सख्खा भाऊ जोसाया क्विन्सी. जोसायाबरोबर जॉन ॲडम्स. इंग्रजांच्या कराविरुद्ध असलेला हा माणूस इंग्रज सैनिकांचं वकीलपत्र घेतो, हे बहुतेकांना मुळीच पटलं नाही. आठवीतला ॲडम्स झाला होता. तो सबंध आठवडा घरी चिडलेला होता, असं त्याच्या आईने सांगितलं, कारण त्याला 'वाईट लोकांच्या बाजूने' बोलायचं होतं. पण उभा राहिला तो तयारीनिशी. गोळी लागून मरणाच्या दारात असलेल्या पॅट्रिक कारने डॉक्टर जेफ्रीजना काय सांगितलं ते त्याने शेवटी वाचलं : ज्याने गोळी झाडली त्याच्याबद्दल मनात राग नाही, त्याने स्वतःच्या बचावासाठी झाडली. वाचताना तो कागदावरून डोळे वर काढत नव्हता.

निकाल देणारे ज्युरी पाच. चारांनी सैनिकांना सोडलं, तिसरीतला एकटा अडून बसला. कारण विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांनी बंदूक झाडली नसेल, पण काहींनी तर झाडली ना? ती कुणी ते शोधा." मग खरा निकाल सांगितला : आठ सैनिक, सहा सुटले, माँटगमरी आणि किलरॉय या दोघांवर सदोष मनुष्यवध शाबीत, शिक्षा म्हणून अंगठ्यावर डाग. कॅप्टन प्रेस्टन आधीच्या वेगळ्या खटल्यात सुटला होता. तिसरीतल्याने दोन्ही हात वर केले आणि खोलीभर धावला. माझ्या मते तो आज सगळ्यांत जास्त इतिहास शिकला. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं, साक्षी ऐकून तो तिथे पोचला.

फोन करणाऱ्या त्या आई आज संपूर्ण वेळ बसल्या होत्या. जाताना त्यांनी रिव्हियरच्या चित्राची प्रत मागून नेली.

२९ मार्च, शनिवार

एका मुलाचे आजोबा मिरजेहून आले आहेत, आजचा तास त्यांचा. मी त्यांना फक्त कॉर्नवॉलिस एवढंच नाव दिलं होतं.

१९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला शरण आलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस. शरणागतीच्या दिवशी आजारपण सांगून स्वतः आला नाही, आपला दुय्यम ओहारा याला पुढे केलं. मुलग्यांच्या लेखी तो माणूस तिथे संपतो. आजोबा म्हणाले, "बाळांनो, तो मग आमच्याकडे आला." १७८६ ला गव्हर्नर जनरल. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणजवळ त्याच्या फौजेची उपासमार झाली, बैल मेले, मोठ्या तोफा त्याला स्वतःच फोडून टाकाव्या लागल्या. अशा वेळी परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके मराठी फौज घेऊन पोचले, आणि मराठ्यांच्या लष्करी बाजारातल्या धान्यावर इंग्रज फौज जगली. आजोबा पटवर्धनांच्या मिरजेचे, त्यांच्या आवाजात अभिमानही होता आणि खंतही. "त्याला वाचवला नसता तर?" हा प्रश्न जुळ्यांनी विचारलाच. आजोबांनी त्यांना १८१८ च्या कार्डापर्यंत चालत नेलं आणि म्हणाले, हे तुम्ही सांगा मला.

कॉर्नवॉलिस १८०५ ला गाझीपूरला वारला, कबर तिथेच आहे. आणखी दोन कार्डं आज लागली. १७७७ : सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस पुण्याच्या दरबारात, त्यामुळे मुंबईकर इंग्रज अस्वस्थ. १७८२ : पेनसिल्व्हेनियाचं 'हैदर अली' नावाचं लढाऊ जहाज, ज्याने जनरल माँक हे इंग्रज जहाज पकडलं. इंग्रजांशी लढणाऱ्या हैदरचं नाव डेलावेअरच्या खाडीत! मुलग्यांना हे इतकं आवडलं की पुढे काही शिकवता आलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

लेक्सिंग्टन, जिथे १९ एप्रिल १७७५ ला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली. आज २५० वं वर्ष, ती चकमक मैदानात पुन्हा करून दाखवतात. अंधारातच निघालो, गर्दी अफाट, लोक घरून शिड्या घेऊन आलेले. आम्हीही एक नेली होती, तीवर धाकटे आळीपाळीने.

पहाटे मैदानात नागरी सैनिक जमले, मग लाल डगल्यांची रांग आली. सगळं काही मिनिटांत आटोपलं. बंदुकांचा आवाज मुलग्यांनी आधी कधी ऐकलेला नव्हता. १७७५ ला इथे कॅप्टन जॉन पार्करबरोबर ७७ जण होते, आठ मेले. जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलाम होता. त्याचं नाव मुलग्यांना माहीत होतं, त्यांनी पात्रांमध्ये त्याला शोधून काढलं.

गर्दी ओसरल्यावर खरं काम. मैदानाच्या कडेला शिळा आहे, तिच्यावर पार्करचे शब्द कोरलेत : जागा सोडू नका, त्यांनी गोळी झाडल्याशिवाय झाडू नका, पण त्यांना युद्धच हवं असेल तर ते इथूनच सुरू होऊ दे. मुलग्यांनी ते मोठ्याने वाचलं, छाती फुगवून. मग खिशातून पार्करचं स्वतःचं शपथपत्र काढून दिलं, २५ एप्रिल १७७५ चं, घटनेनंतर सहाच दिवसांनी लिहिलेलं. त्यात तो म्हणतो की मी आमच्या लोकांना पांगायचा आणि गोळी न झाडायचा हुकूम दिला. पार्कर त्याच वर्षी सप्टेंबरात क्षयाने गेला. शिळेवरचे शब्द इतरांच्या आठवणींतून, कित्येक दशकांनी पुढे आले.

आता नऊ जणांत तीन तट. एक म्हणतो शपथपत्र खरं, कारण लगेच लिहिलं. दुसरा म्हणतो शपथपत्रात तो सावध असणारच, इंग्रजांनी राजद्रोह म्हणून धरलं असतं. तिसरा म्हणतो दोन्ही म्हणाला असेल, आधी एक आणि मग दुसरं. शेजारी उभे असलेले एक वयस्कर गोरे गृहस्थ, नागरी सैनिकाच्या वेशातले, थांबून ऐकायला लागले आणि नंतर वादात उतरले. आठवीतल्याने त्यांना नम्रपणे विचारलं, "सर, हे तुम्हाला कुठल्या कागदावरून माहीत आहे?" त्या गृहस्थांनी टोपी काढली आणि नीट उत्तर दिलं.

२६ एप्रिल, शनिवार

पहिली गोळी कुणी झाडली, यावर सगळे कागद टेबलावर मांडले. लेक्सिंग्टनच्या ३४ जणांच्या सह्यांचं एकच निवेदन; इंग्रज लेफ्टनंट बार्करची डायरी, तो म्हणतो समोरून एक-दोन गोळ्या आल्या आणि आमचे लोक हुकमाशिवाय धावले; आणि कैदेत असलेला इंग्रज लेफ्टनंट गोल्ड, जो सांगतो की आधी कुणी झाडली ते मला नक्की सांगता येत नाही. ३४ सह्यांवर पाचवीतल्याचा आक्षेप : "सगळ्यांनी एकच वाक्य पाहिलं का?" चांगला आक्षेप आहे. मताला टाकलं तेव्हा सगळ्यांत जास्त भरवसा गोल्डवर.

नंतर जहाजांची शर्यत. इंग्रज सेनापती गेजचा अहवाल घेऊन जहाज आधी निघालं. कॅप्टन जॉन डर्बी ही शपथपत्रं घेऊन सेलमहून क्वेरो या छोट्या जहाजातून चार दिवसांनी निघाला आणि २८ मे ला लंडनमध्ये हजर झाला, गेजच्या कागदांच्या सुमारे दोन आठवडे आधी. लंडनने पहिली ऐकली ती वसाहतींची बाजू. नकाशावर दोन रंगांचे दोरे लावून मुलग्यांनी ती शर्यत मांडली. "पहिल्यांदा पोचणारा खरा वाटतो," आठवीतला म्हणाला, आणि जुळे लगेच त्याच्यावर तुटून पडले, कारण रिव्हियरचं चित्रही खटल्याच्या आधीच घरोघर पोचलं होतं.

पुढे १७ जून, बंकर हिल. लढाई बहुतेक ब्रीड्स हिलवर झाली आणि स्मारकही तिथेच आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. नकाशावरून त्यांनीच काढावं. स्मारकाला २९४ पायऱ्या, आजोबा जूनपर्यंत आहेत, त्यांच्यासाठी खाली बसायची सोय बघायची. इंग्रज आणि अमेरिकन अशा दोन्ही बाजूंची पत्रं मोठ्या टाइपात छापायची आहेत. तिसरीतल्याने या वेळी ज्युरीत न बसता साक्षीदार व्हायचं म्हटलंय, त्याला छोटा कागद द्यायचा.